लिहून द्या

शुक्रवारी सकाळी ती त्या ट्रकसमोर जाऊन उभी राहील, ही भीती काही केल्या माझ्या मनातून जात नाही. तसं ती बोललेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आई, मी काय सिनेमात आहे का?" पण माझ्या मुलीला काही लपवायचं असलं की ती चष्मा पुसते. चष्मा नव्हता तेव्हा फ्रॉकच्या टोकाने कोरीच पाटी पुसत बसायची. परवा तिने चष्मा पुसला, तोही दोनदा.

ट्रक कागदाचा लगदा करणाऱ्या एका कारखान्याचा आहे. जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधले मुदत संपलेले एकशे बारा गठ्ठे तो शुक्रवारी अकरा वाजता घेऊन जाणार. त्यांतल्या कुठल्यातरी गठ्ठ्यात छत्तीस वर्षांपूर्वीचा एक निकाल आहे, असा तिला संशय आहे. मला संशय नाही, खात्री आहे. कशी, ते मी दोन दिवस तिला सांगितलेलं नाही.

आधी ती काय करते ते सांगायला हवं, कारण ते भल्याभल्यांना कळत नाही. एका स्थळाकडच्या बाईंनी विचारलं होतं, मुलगी कुठे असते? मी म्हटलं, कोर्टात. बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणत्या बाजूने?" स्थळ तिथेच संपलं, प्रश्न मात्र आमच्याकडे राहिला. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती तणतणत घरी आली की मी दार उघडून विचारते, "आज कोणत्या बाजूने?"

ती वकील नाही. वकिलाकडे टायपिस्ट होती, आठ वर्षं. तिथे तिने रोज एकच गोष्ट पाहिली. लोक जुना निकाल शोधून द्या म्हणून यायचे, वकीलसाहेब कपाळाला आठ्या घालून "बघावं लागेल" म्हणायचे आणि लोक गेले की हिलाच पिटाळायचे. ही जायची, नोंदवही उघडायची, दाव्याचा नंबर उतरवून घ्यायची, नकलेचा अर्ज द्यायची आणि चार दिवसांनी शिक्का मारलेली नक्कल घेऊन यायची. यात कायद्याचं काही नव्हतं. डोळे हवेत, धीर हवा आणि धुळीची सर्दी होता कामा नये.

रेकॉर्ड रूमच्या दाराशी एक पाटी आहे. निकाली दाव्यांच्या नोंदवह्या कोणालाही कामाच्या दिवशी अकरा ते एक पाहता येतील, असं तिच्यावर लिहिलेलं आहे. कोणालाही. वकिलाला, असं नाही. पण त्या पाटीच्या पुढ्यात कोणीतरी कधीतरी एक लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं, आणि आठ वर्षं हिलाही वाटत होतं की भिंतच आहे. एक दिवस तिने शिपायाला हाताशी धरून ते कपाट दोन हात सरकवलं. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली.

मी तेव्हा आठवडाभर नीट झोपले नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही तर पायरीखालीच जाऊन बसली. रेकॉर्ड रूमच्या बाहेर वर जाणारा जिना आहे. त्याच्या खाली एक लाकडी बाक होता. मांडीवर पॅड, कानावर पेन्सिल आणि शेजारी कोऱ्या अर्जांची चळत असा संसार तिने तिथे थाटला. अर्ज भरून द्यायचे ती थोडेसे पैसे घेते. कुठली वही, कुठलं टेबल, कुणाला काय विचारायचं, ते सांगायचं काहीच घेत नाही. मी म्हणायचे, अगं, सांगण्याचेच तर पैसे असतात. ती म्हणायची, पाटीवर लिहिलेलं वाचून दाखवायचे कसले पैसे?

लोक येतात ते हात हलवत येतात. नंबर नाही, तारीख नाही. साल विचारलं तर म्हणतात, नदीवरचा पूल पडला त्याच्या आदल्या वर्षी. किंवा गिरणी जळाली तेव्हा मोठा पोटात होता. म्हणून तिच्या वहीत मागे एक यादी आहे. पूल कधी पडला, गिरणी कधी जळाली, मोठा पूर कधी, सिनेमा थिएटर कधी बंद झालं. शहराचा सगळा इतिहास तिच्याकडे आहे, पण फक्त आपत्तींचा. त्या यादीवरून ती साल काढते, सालावरून नोंदवही, नोंदवहीतल्या नावावरून नंबर, आणि नंबरासमोर निकालाची तारीख. ही तारीख फार महत्त्वाची, ती सांगते, कारण गठ्ठे दावा लागल्याच्या तारखेने लावलेले नसतात, निकाल लागल्याच्या तारखेने असतात. हे एवढंच माहीत नसल्यामुळे लोक वर्षानुवर्षं चुकीच्या कपाटापुढे उभे राहतात. आणि कारकून म्हणतात, कॉम्प्युटरवर नाही. कॉम्प्युटरवर गेल्या चौदा वर्षांचंच आहे. त्याच्या आधी जणू या शहरात कोणी कोणाशी भांडतच नव्हतं.

टोपणनाव तिला तिथेच पडलं. खिडकीतून कोणी म्हणालं की सापडत नाही, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, तर ती आवाज न चढवता म्हणते, "बरं. तसं लिहून द्या." लिहून कोणी देत नाही. नाही म्हणायला जिभेला हाड नसतं, पण लिहायचं म्हटलं की खाली सही लागते. मग थोडी चुळबुळ होते, चहा येतो, आणि तासाभरात फाईल सापडते. ती दारात दिसली की आतून आवाज येतो, लिहून-द्या आली रे, किल्ल्या काढा. ती ते ऐकून घरी येऊन हसली होती. मी एकदा बजावलं की आठच्या आत घरी येत जा, तर तिने कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं आणि सहीसुद्धा केली. कागद फ्रीजवर लावलेला आहे. ती नऊच्या आधी कधीही येत नाही.

दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडे एक इस्त्रीवाली आली. जुन्या छापखान्यामागे सात खोल्यांची एक ओळ आहे, तिच्यातल्या पहिल्या खोलीत राहते आणि दारातच टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करते. छत्तीस वर्षांपूर्वी त्या जागेच्या मालकाने सातही बिऱ्हाडांना बाहेर काढायला दावा लावला होता. तो हरला. खोल्यांची किंमत या लोकांनी फेडलेली आहे, खोल्या त्यांच्याच, असा निकाल झाला. त्या निकालाच्या जिवावर सात घरांतली मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. आता जुना मालक गेला आणि नातवाने नव्याने दावा लावला. असा काही निकाल झाल्याचं आम्हाला माहीत नाही, असं त्याचं म्हणणं. समोरच्या न्यायाधीशांनी इस्त्रीवालीला सांगितलं, निकालाची नक्कल आणा. सुनावणी येत्या सोमवारी आहे.

"तुमच्याकडे कोणाकडेच नक्कल नाही, काकू?" मुलीने विचारलं होतं.

"जिंकलो होतो ना, ताई," इस्त्रीवाली म्हणाली. "जिंकल्यावर कागद कशाला लागतोय, असं वाटलं सासऱ्यांना."

हे मला मुलीने सांगितलं तेव्हा मी हसले होते, पण ते खरंच आहे. नक्कल हरलेला माणूस घेतो, पुढे जायचं असतं म्हणून. मालकाच्या घरी ती नक्कल नक्की असणार. पण तो ती कशाला दाखवेल? इस्त्रीवालीकडे होती ती फक्त सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीतली एक पावती. तिच्यावर दाव्याचा नंबर होता.

नंबर म्हणजे अर्धं काम. मुलीने नोंदवही काढली, नंबरासमोर निकालाची तारीख मिळाली, ऑक्टोबर महिन्यातली, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द: लाल.

इथे थोडं दप्तराचं सांगावं लागेल. आमच्या कोर्टात निकाली कागद दोन रंगांच्या कापडांत बांधतात. ज्यांवर लोकांची घरंदारं, जमिनी, वारसा अवलंबून आहे ते कागद लाल कापडात; ते कधीच नष्ट करायचे नाहीत. बाकीचे, किरकोळ दंड, तारखांचे अर्ज, मागे घेतलेले दावे, ते पांढऱ्या कापडात. तीस वर्षं झाली की त्यांची यादी करायची आणि लगद्याला द्यायचे. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या कसर खाते, शाई उडते, पण रंग लांबूनही दिसतो. म्हणून तिथला प्रत्येक माणूस रंगावर विसंबतो. गठ्ठा उघडून कोणी बघत नाही.

त्या वर्षाच्या लाल गठ्ठ्यांच्या फळीवर ऑगस्ट होता आणि मग एकदम डिसेंबर. मधले तीन महिने नव्हते. नोंदवहीत होते, फळीवर नव्हते. मुलगी फळीसमोर उभी राहून हेडक्लार्कला म्हणाली, "साहेब, तीन महिने या कोर्टात एकही निकाल लागला नाही का?" हेडक्लार्क म्हणाला, सापडत नाहीत म्हणजे नाहीत. तिने तिचं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्याने ऐकून घेतलं, आणि शनिवारी जिन्याखालचा बाक उचलून नेला. सोबत एक पत्र: रेकॉर्ड रूमच्या कामात व्यत्यय आणल्याचं पुन्हा आढळल्यास आपला प्रवेश कायमचा बंद करण्यात येईल.

"बघ," ती मला पत्र दाखवत म्हणाली. "शेवटी एकदाचं लिहून दिलं." आणि सोमवारी आमच्या स्वयंपाकघरातलं घडीचं स्टूल काखेला मारून गेली. मी सध्या भाजी उभ्याने चिरते.

तिचा तर्क सरळ होता. लाल फळीवर नाहीत, तर ते गठ्ठे पांढऱ्यांत गेले असणार. आणि त्या वर्षीचे पांढरे आता व्हरांड्यात ताडपत्रीखाली ट्रकची वाट पाहत पडले आहेत. तिने ते उघडून दाखवण्याचा अर्ज केला. उत्तर आलं, यादीवर गेलेले गठ्ठे उघडता येत नाहीत. यादीत तरी काय होतं? गठ्ठे, पांढरे, एकशे बारा. एवढंच. किती कागद, कुणाचे, काही नाही.

मग तिने तिच्या मामाला फोन केला.

मामा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझा दादा. आयुष्यभर त्याच रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली, त्यातली शेवटची बावीस वर्षं तो तिचा प्रमुख होता. त्या सालीही तोच होता. त्याला भाचीचं हे काम पहिल्यापासून आवडलेलं नाही. आपण ज्या दालनात रुबाबात बसलो त्याच्या दाराशी भाची बाकावर बसते, हे त्याला लागतं. तो तिला "बाकावरची वकील" म्हणतो. तिने विचारलं, मामा, त्या वर्षी लाल गठ्ठे पांढऱ्यात गेले असतील का हो? तो म्हणाला, "माझ्या दप्तरात चूक नसते. पांढऱ्यात असेल तर ती रद्दीच." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन तो उचलत नाही.

ही गोष्ट तिने मला सोमवारी जेवताना सांगितली. मी म्हटलं, दादा म्हणतो म्हणजे नसेल. मी जन्मभर असंच म्हणत आले आहे. मग ती हात धुता धुता, जाता जाता, गंमत म्हणून म्हणाली, "कोर्टाची काय दशा होती बघ. ताडपत्री वाऱ्याने उडाली होती, तर काही पांढरे गठ्ठे चक्क पडद्याच्या कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेले. गुलाबी पट्ट्या, आणि त्यांच्यावर छोट्या छोट्या छत्र्या."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

त्या छत्र्या माझ्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडातले पहिले पडदे, लाल कापड, त्यावर पांढऱ्या छत्र्या, मी स्वतः शिवलेले. वर्षभरात आम्ही घर बदललं, नव्या घराच्या खिडक्यांना ते लहान पडले. त्याच नव्या घरात बसून दादा म्हणाला होता की यंदा वरून लाल कापडच आलं नाही, तीन महिन्यांचे निकाल मोकळे पडले आहेत आणि आठवड्यावर तपासणी आली आहे. पांढऱ्यात बांधून ठेवतो, पण ओळखायला लाल पट्ट्या हव्यात. बाजारातून आणल्या तर कशासाठी म्हणून विचारतील. मी म्हटलं, माझे पडदे ने. आम्ही दोघांनी बसून पट्ट्या फाडल्या. मी हसत होते. तो मात्र पट्ट्या मोजून नेत होता. लाल कापड आलं की बदलतो, म्हणाला.

तपासणी झाली, शाबासकी मिळाली. ज्या दप्तराला शाबासकी मिळाली तेच पुन्हा सोडून बांधायचं म्हणजे काय चुकलं होतं ते सांगायला लागलं असतं. मग काम वाढलं, मग मी विचारलं नाही, मग तो निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, खाली पितळी पट्टीवर "निष्कलंक सेवा" असं कोरलेलं. रोज त्याच्याखाली बसून तो पेपर वाचतो. आणि कोर्टात नवीन आलेल्यांना त्या लाल पट्ट्यांचा अर्थ माहीत नव्हता, त्यांना कापडाचा रंग माहीत होता. त्यांचं तरी काय चुकलं?

दादा विसरला असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण दादा काही विसरत नाही. माझ्या मॅट्रिकचा परीक्षा क्रमांक त्याला अजून पाठ आहे.

मंगळवारी मुलगी डबा विसरून गेली. खरं तर मीच तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता. डबा पोचवायचं निमित्त करून मी त्या कोर्टात गेले. तिच्या कामाची जागा मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. भीती वाटायची, बाकी काही नाही. जिन्याखाली अंधार, स्टुलावर ही, तिच्यासमोर उकिडवे बसलेले एक आजोबा आणि त्यांची सून. ती आजोबांना सांगत होती, "नाही म्हणाले तर भांडू नका, रडूही नका. फक्त विचारा, कोणत्या वहीत पाहिलंत." आजोबा ते वाक्य पुटपुटत पाठ करत होते. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मी तिला चौतीस वर्षं पाहते आहे, पण अशी स्थिर बसलेली कधी पाहिली नव्हती. घरी तर ती एका जागी चहासुद्धा पीत नाही.

मी व्हरांड्यात गेले. ताडपत्रीचं टोक उचललं. छत्र्या फिकट झाल्या होत्या, लाल रंगाचा गुलाबी झाला होता, पण एका पट्टीच्या कडेला टीप होती. दुहेरी दोऱ्याची, जरा तिरकी. माझी शिलाई अजूनही तिरकीच जाते.

शिपाई स्टुलावरून न उठता म्हणाला, "हात लावू नका बाई, रद्दी आहे. कसर चढेल अंगावर."

मी हात काढून घेतला. पदराला पुसला. डबा तिच्या शेजारी ठेवून, काही न बोलता घरी आले. एवढीच माझी मर्दुमकी.

आज तिने रेकॉर्डचं काम पाहणाऱ्या न्यायाधीशांची भेट मिळवली. सकाळी दहापासून दारात उभी होती, चारला आत बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, ती म्हणते, नीट ऐकून घेतलं, नोंदवही मागवून तीन महिन्यांचा खड्डाही पाहिला. मग म्हणाले, "नुसत्या तर्कावर मला यादी थांबवता येणार नाही. त्या वेळी दप्तर ज्यांच्या ताब्यात होतं त्यांचं काही लेखी आणा. उद्या संध्याकाळपर्यंत आणलंत तर ट्रक रिकामा पाठवतो."

घरी आली, पिशवी ठेवली. इस्त्रीवाली तिच्या आधीच येऊन बसली होती, आमचे कपडे करून घेऊन. मुलीने तिला जसं झालं तसं सांगितलं. खोटी आशा ती कोणाला दाखवत नाही. इस्त्रीवाली कपड्यांच्या गठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही नका जीव टाकू, ताई. नाही मिळालं तर काय, आम्ही दारातून हलणारच नाही. सात घरं आहेत, उचलायला सात गाड्या लागतील." निघताना माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या मुलीने आमच्यासाठी फार केलं." मला तिच्याकडे बघवेना. मी कपडे मोजल्यासारखं केलं.

ती गेल्यावर मुलगी टेबलाशी बसली. म्हणाली, "आई, इतकी वर्षं मी सगळ्यांना म्हणत आले, लिहून द्या. आज पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं, लिहून आणा. आणि मी आणू शकत नाही."

"मामाला पुन्हा विचारून बघ," मी म्हटलं. आवाज माझाच मला खोटा वाटला.

"तो उचलत नाही. आणि का उचलावा? त्याच्यासाठी मी बाकावरची आहे. आता तर बाकही नाही." मग तिने चष्मा पुसला. जेवली, ताटं विसळली. झोपायला जाण्याआधी रोजच्या चपला बाजूला सारून तिने माळ्यावरचे कॅनव्हासचे बूट काढले, फडक्याने पुसले, नाड्या घट्ट आहेत का ते ओढून पाहिलं आणि दाराशी ठेवले. चपला पायातून निसटतात. बूट निसटत नाहीत. हे तिने मला सांगायची गरज नव्हती.

मी गप्प का राहिले? एकीकडे ही आहे, आणि दुसरीकडे दादा. वडिलांनी माझं कॉलेज नको म्हटलं तेव्हा दादाने प्रवेशाचा अर्ज स्वतः आणला, स्वतः भरला, आणि वडिलांसमोर टेबलावर ठेवून म्हणाला, सही करा नाहीतर का करत नाही ते सांगा. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि वडिलांसमोर कोणी बसतही नसे. मी शिकले ती त्याच्यामुळे. तोच आता घड्याळाखाली बसून सांगतो की माझ्या दप्तरात चूक नसते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची एवढी एक गोष्ट, ती मी कशी काढून घेऊ? त्र्याहत्तर वर्षांचा आहे, त्याची छाती दुखते. पेन्शनला हात लावतील का? पेपरात येईल का? वहिनी काय म्हणेल? माझ्या मनाला एकदा फाटे फुटायला लागले की झाडच उभं राहतं.

पण बुटांकडे पाहता पाहता मला दुसरंच सुचत गेलं. दादाची अब्रू वाचवायला मी दोन दिवस जे करते आहे ते म्हणजे त्या पाटीपुढचं कपाट होणं. सगळ्यांना वाटतंय की भिंत आहे. सात घरांना वाटतंय, माझ्या मुलीला वाटतंय. आणि मागे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे, मला वाचता येतं आहे.

आणि दादाचं तरी काय? त्याने काही चोरी केली नाही. कापड आलं नाही म्हणून त्याने युक्ती केली, कागद वाचवायला केली. चूक तेव्हा झाली नव्हती. चूक आता होते आहे, आणि ती तो नाकारतो आहे म्हणून होते आहे. वडिलांसमोर टेबलावर अर्ज ठेवणारा माणूस एका पितळी पट्टीला भिऊन बसला असेल, तर त्याला कोणीतरी सांगायला हवं. मीही भित्रीच आहे, म्हणून तर मला हे ओळखता येतं.

शिलाई मशीनच्या कव्हराला आतून त्याच कापडाचं अस्तर आहे. पट्ट्या फाडून उरलेला तुकडा. अंधारात राहिल्यामुळे अजून लालभडक आहे. मी तो आत्ता उसवून टेबलावर ठेवला आहे, छत्र्या वर करून. त्याच्याखाली एक कागद आहे, त्यावर मी माझ्यापुरतं लिहिलं आहे: पडदे माझे, पट्ट्या मी फाडल्या, कशासाठी ते मला माहीत आहे. खाली सही केली. दादा नाही म्हणाला तर उद्या हाच कागद आणि हाच तुकडा घेऊन मी न्यायाधीशांच्या दारात उभी राहीन. पण माझ्या सहीने ट्रक थांबेलच असं नाही. त्याच्या सहीने थांबेल. आणि उद्या तो स्वतः त्या जिन्यावरून चढून गेला, तर भाचीला स्टुलावर बसलेली पाहील, हेही बरंच होईल.

तो माझ्यावर रागावेल. वर्षभर बोलणार नाही कदाचित. रागावू दे. माझी मुलगी शुक्रवारी चपला घालून बाहेर पडली पाहिजे.

पावणेअकरा झाले आहेत. दादा साडेनऊला झोपतो. फोन वहिनी उचलेल आणि नेहमीप्रमाणे म्हणेल, झोपलेत गं, सकाळी कर. सकाळी नाही. मी म्हणेन, वहिनी, उठव त्याला. छत्र्यांच्या पडद्यांबद्दल बोलायचंय म्हणावं, एवढंच सांग. तो उठेल.